गाडीचे चाक बसले तर

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. धावेत हवा नसते. म्हणून बैलगाडी कधी पंक्चर होत नाही. पण तिच्यात बसून रेडीहून शिरोड्याच्या बाजाराला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. अंगातले एकेक हाड वेगळे व्हायचे, असे तो सांगेल.

मोटारीच्या चाकावर रबराचा टायर असतो. टायरात हवा भरलेली असते. गाडी रबरावर चालते असे आपल्याला दिसते, पण खरे तर ती हवेवर चालते. खड्डा आला की हवा दबते आणि धक्का आपल्यापर्यंत कमी पोचतो. ही युक्ती आयर्लंडातल्या बेलफास्ट शहरात १८८८ साली जॉन डनलॉप या माणसाने करून दाखवली. हा माणूस गुरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकी सायकलीला फार हादरे बसतात, म्हणून त्याने चाकाला हवेची नळी लावून पाहिली. त्याच्याही आधी, १८४५ साली, थॉमसन नावाच्या माणसाला ही कल्पना सुचली होती. पण तेव्हा तिचा उपयोग कोणी केला नाही.

हवेमुळे सुख आले. त्याच हवेबरोबर एक कटकटही आली. एखादा खिळा, काचेचा तुकडा किंवा खडीची धारदार कपची टायरात घुसते. हवा निघून जाते. गाडीचे चाक खाली बसते.

आपल्या रेडी गावाला हे नवीन नाही. इथे लोखंडाच्या खाणी निघाल्या, तेव्हा खनिजाचे ट्रक आले. रेडीचा दोन हातांचा गणपती तुम्हाला ठाऊकच आहे. १९७६ साली ती मूर्ती मिळाली, तीही एका ट्रकचालकाला पडलेल्या स्वप्नावरून, असे सारा गाव सांगतो. ट्रकवर चालकाबरोबर क्लीनर असायचा. टायर बसला की क्लीनर खाली उतरायचा आणि चाक बदलायचा. कितीतरी पोरे या कामावर लहानाची मोठी झाली.

आता दिवस बदलले. घरोघरी लहान गाड्या आल्या. कोणी मुंबईच्या पैशाने घेतली, कोणी गोव्याच्या नोकरीवर कर्ज काढून घेतली. पण घरच्या गाडीला क्लीनर नसतो. रात्री चाक बसले, तर ते आपणच बदलायचे. काम सोपे आहे. दोन हात आणि थोडे डोके लागते. मात्र या कामाला क्रम आहे. क्रम चुकला तर हातपाय मोडतो. कधी जीवही जातो.

आधी एका शब्दाची गोष्ट ऐका. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. हा शब्द आला कुठून? विलायतेत वेल्स नावाचा प्रांत आहे. तिथे लानेली या गावात स्टेपनी नावाचा रस्ता होता. त्या रस्त्यावर डेव्हिस नावाच्या दोघा भावांचे दुकान होते. त्या काळच्या मोटारींत जादा चाक नसायचे. टायर बसला की रस्त्यातच बसून तो सोडवायचा आणि ठिगळ लावायचे. या भावांनी १९०४ साली एक जादा चाक तयार केले. त्याला मधले आरे नव्हते. हवा भरलेले नुसते कडे होते. ते बसलेल्या चाकाला बाजूने अडकवायचे आणि गाडी पुढे न्यायची. त्या चाकाला लोक रस्त्याच्या नावाने स्टेपनी म्हणू लागले. आज विलायतेत हा शब्द जवळजवळ कोणाच्या तोंडी नाही. आपल्याकडे मात्र अगदी लहान पोरालाही तो ठाऊक आहे. दूर ब्राझील देशातही जादा चाकाला यावरूनच पडलेले नाव आहे. वस्तू बदलली, गाव विसरले, नाव तेवढे राहिले!

आता आपल्या गाडीकडे वळू. पहिले काम घरीच करायचे आहे, चाक बसण्याच्या आधी. डिकी उघडा. आतली चटई उचला. खाली स्टेपनी आहे का? जॅक आहे का? नट सोडवण्याचा पाना आहे का? हसू नका. गाडी घेऊन पाच वर्षे झाली तरी डिकीची चटई न उचललेले लोक आहेत. जुनी गाडी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने पाना काढून ठेवलेला असतो. काही नव्या गाड्यांत तर स्टेपनी नसतेच. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलला. टायर ट्यूबलेस असतील, हवा कमी झाल्याची खूण गाडीत दिसत असेल आणि पंक्चर काढायचे सामान दिलेले असेल, तर स्टेपनी नसली तरी चालते. तुमची गाडी त्यातली आहे का, हे आजच पाहून घ्या. रात्री अंधारात ते कळून उपयोग नाही.

स्टेपनी आहे, पण तिच्यात हवा आहे का? रबरातून हवा हळूहळू झिरपते. चाक वापरले नाही तरी महिन्याला पौंडभर हवा कमी होते. दोन वर्षे कोणी पाहिले नाही, तर स्टेपनी बसलेल्या चाकासारखीच निघते. म्हणून पंपावर चार चाकांत हवा भराल, तेव्हा पाचवे चाक विसरू नका. किती हवा भरायची? चालकाच्या बाजूचे दार उघडा. दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर आकडे असतात. बहुतेक लहान गाड्यांचा आकडा ३० ते ३५ पौंडांच्या आसपास असतो. पण दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. आपला कागद वाचा.

तुम्हाला आता वाचता येते, तर टायरही वाचा. टायरच्या कडेवर बरीच अक्षरे उठवलेली असतात. ती सगळी वाचायची गरज नाही. एका लांबट गोल चौकटीत चार आकडे शोधा. एका बाजूला नसतील, तर दुसऱ्या बाजूला असतील. आकडे इंग्रजी वळणाचे असतात. समजा, तिथे २३१९ असे आहे. पहिले दोन आकडे म्हणजे आठवडा. पुढचे दोन म्हणजे साल. हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जून महिन्यात तयार झाला. मग ३२१८ म्हणजे काय? सांगा पाहू. टायर करणारे मोठे कारखानेच सांगतात, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की तो दिसायला चांगला असला तरी काढून टाकावा. रबरही म्हातारे होते. स्टेपनीचे हेच आकडे जरूर वाचा. पुष्कळ गाड्यांत चार टायर नवे असतात आणि पाचवा गाडीच्या जन्मापासूनचा असतो.

डिकीत आणखी काही गोष्टी टाकून ठेवा. बॅटरी, जुने फडके, आणि एक जाड फळी. फळी हातभर लांब, तितकीच रुंद आणि दीड-दोन इंच जाड असावी. फणसाची किंवा आंब्याची चालेल. ही फळी कशाला, ते पुढे कळेल. आपल्या लाल मातीच्या मुलखात तिच्याशिवाय चाक बदलायला बसू नये, असे माझे मत आहे. कारखाना गाडीबरोबर फळी देत नाही. कारखान्याला आपला पावसाळा ठाऊक नाही.

आता समजा, जुलै महिना आहे. संध्याकाळ झाली आहे. पाऊस नुकताच थांबला आहे. रेडीचा एक तरुण बायकोला घेऊन सावंतवाडीच्या दवाखान्यात निघाला आहे. बायकोचे दिवस भरत आले आहेत. मागच्या सीटवर त्याचा मामा आहे. मामा तरुणपणी खाणीच्या ट्रकवर क्लीनर होता. शिरोडा गेले, आजगाव गेले. मळेवाडच्या अलीकडे वळणावर गाडी एका अंगाला ओढू लागली. खालून धप् धप् असा आवाज येऊ लागला.

"मामानू, टायर बसलो!"

"बसलो तर बसलो. ब्रेक मारू नको. हळूहळू पुढे घे."

मामाचे हे पहिले सांगणे लाखमोलाचे आहे. चाक बसले की माणूस घाबरतो आणि करकचून ब्रेक दाबतो. मग गाडी आडवी होते. तसे करू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा. वेगाचा पाय काढून घ्या. गाडी आपोआप हळू होऊ द्या. आणि वळणावर थांबू नका. वळणावर मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. बसलेल्या चाकावर पन्नास-शंभर पावले गाडी हळू नेली तरी चालते. टायर फाटेल. फाटू दे. सपाट, सरळ आणि कडक जागा मिळेपर्यंत पुढे चला. रस्त्याच्या कडेची साइडपट्टी पावसात भुसभुशीत झालेली असते. तिच्यावर पूर्ण उतरू नका. खाली गटार असेल तर गाडी कलंडते.

कोणाचे घर, देऊळ किंवा शाळा दिसली, तर तिथल्या मोकळ्या जागेत गाडी घ्या. उजेड मिळतो. माणसेही मिळतात. महामार्गावर असाल, तर जास्त जपा. मुंबई-गोवा रस्त्यावर गाड्या फार वेगाने येतात. तिथे रस्त्याच्या बाजूचे चाक बसले असेल आणि गाडी पुरेशी कडेला घेता येत नसेल, तर चाक बदलायला बसूच नका. गाडीपासून लांब उभे राहा आणि मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा फोन १०३३ आहे. पोलीस किंवा कुठलेही संकट, ११२. दवाखान्याची गाडी, १०८. हे तीन नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी संपली, तर दुसऱ्याच्या फोनवरून सांगता आले पाहिजेत.

भाच्याने एका घरासमोर गाडी थांबवली. चारही दिवे उघडमीट करणारे बटण दाबले. हँडब्रेक वर ओढला. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. मग तो जॅक काढायला धावला. मामाने हात धरला.

"आधी हिका खाली उतरव. घरातल्या बायांका हाक मार. पडवीत बसू दे."

गाडी उचलायच्या आधी सगळी माणसे खाली उतरली पाहिजेत. मूल झोपले असले तरी उचलून घ्या. आत माणूस हलला की जॅकवरची गाडी हलते. आणि बाईला कळा सुरू झाल्या असत्या तर? रोगी उठण्यासारखाच नसता तर? तर चाक बदलायचे नाही. आधी १०८ ला फोन लावायचा. येणारी-जाणारी गाडी थांबवायची आणि रोग्याला तिच्यात घालून पाठवायचे. चाक मग सावकाश बदलता येते. पुष्कळ लोक अशा वेळी 'दहा मिनिटांचं काम' म्हणून चाकाशी झटत बसतात आणि दहाची चाळीस मिनिटे होतात. दवाखान्याच्या कामात हा जुगार खेळू नये.

भाच्याची बायको पडवीत बसली. घरच्या बाईने तिला चहा दिला. मग काम सुरू झाले.

पुढचे डावे चाक बसले होते. मामाने भाच्याला दोन मोठे दगड आणायला सांगितले. ते मागच्या उजव्या चाकाला, म्हणजे बसलेल्या चाकाच्या अगदी तिरक्या समोरच्या चाकाला, पुढून आणि मागून लावले.

भाचा म्हणाला, "हँडब्रेक लावला आहे, गाडी गिअरमध्ये आहे. मग दगड कशाला?"

याचे उत्तर नीट समजून घ्या. लहान गाडीचा हँडब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांना धरतो. गिअर पुढच्या दोन चाकांना धरतो. पुढचे एक चाक उचलले, की ते हवेत मोकळे फिरू शकते. मग गिअरची पकड गेली. मागचे चाक उचलले, तर हँडब्रेक लावलेले एकच चाक जमिनीवर राहते. म्हणजे ज्या वेळी गाडी घट्ट उभी राहायला हवी, त्याच वेळी तिची निम्मी पकड गेलेली असते. ती उणीव दगड भरून काढतो. उतारावर गाडी असेल, तर उताराच्या बाजूचा दगड मोठा लावा. फार उतार असेल, तर तिथे काम करू नका. गाडी सपाटीवर घ्या. इथे चिऱ्याचा तुकडा चालेल. चाक फक्त अडवायचे आहे.

यानंतर भाचा पुन्हा जॅककडे वळला. मामा पुन्हा म्हणाला, "थांब रे. आधी नट सैल कर, मगे जॅक लाव."

या धड्यात एकच वाक्य पाठ करायचे असेल, तर हे करा. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. पूर्ण काढायचे नाहीत, फक्त एक फेरा फिरवायचे. का? नट फार घट्ट असतो. तो सोडवायला मोठा जोर लागतो. चाक जमिनीवर असते, तोवर जमीन त्याला धरून ठेवते. चाक हवेत असताना जोर लावला, तर चाकच फिरते. तुम्ही आणखी जोर लावता. गाडीला हिसका बसतो. गाडी जॅकवरून सरकते आणि खाली येते. चाक बदलताना होणारे वाईट अपघात बरेचसे असेच होतात.

किती जोर लागतो, तेही सांगतो. लहान गाडीचा पाना साधारण वीतभर लांब असतो. त्याच्या टोकावर चाळीस किलोच्या आसपास भार दिला की नट हलतो. पन्नास किलोच्या पोत्याहून थोडा कमी, एवढाच. पण हा भार हाताने ओढून देऊ नका. कंबर धरते. पान्याचा दांडा डाव्या हाताला आडवा येईल असा नटावर बसवा. पाना पूर्ण आत बसला ना, ते पाहा. अर्धवट बसला तर नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो नट कोणालाच निघत नाही. आता दोन्ही तळहात दांड्याच्या टोकावर ठेवा आणि अंगाचा भार वरून खाली द्या. दांडा डावीकडे असला आणि खाली दाबला, की नट सुटतो. दांडा उजवीकडे असला आणि खाली दाबला, की नट आवळतो. घड्याळाचा काटा आठवत बसायला नको. डावीकडे सुटणे, उजवीकडे आवळणे.

हे काम बायकांचे नाही, असे कोणी म्हणेल. डोक्यावर एकावर एक हंडे घेऊन घाटी चढणाऱ्या बाईला हे सांगून पाहा. दांडा लांब असला की जोर कमी लागतो, पहारीने धोंडा उचलतो तसेच हे आहे. म्हणून बाजारात मिळणारा लांब दांड्याचा पाना घेऊन ठेवावा. पैसे वसूल होतात.

समुद्राकाठी आणखी एक अडचण येते. खारा वारा. रेडी, शिरोडा, वेंगुर्ले इकडच्या गाड्यांचे नट गंजून बसतात. एक नट हललाच नाही, तर पान्यावर हातोड्याने हलकेच ठोके द्या आणि पुन्हा दाबा. गंज सोडवायचे तेल मिळते, ते थोडे मारून पाच मिनिटे थांबा. पण नवीन चाक लावताना आट्यांवर तेल राहू देऊ नका. फडक्याने पुसा. तेलकट नट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो आणि आटे ताणतात. खोबरेल तर नकोच नको.

नट सैल झाले. आता जॅक. आणि आता ती फळी. जॅकचा तळ जेमतेम तळहाताएवढा असतो. लहान गाडी रिकामी असली तरी साधारण आठशे किलो भरते. म्हणजे पन्नास किलोची सोळा पोती तांदूळ. एक कोपरा उचलला की त्यातली चार-पाच पोती त्या तळहाताएवढ्या जागेवर येतात. पावसाळ्यातली लाल माती तो भार कशी सोसणार? गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच जमिनीत जातो. तो सरळ गेला तर बरे. तिरका गेला तर गाडी घसरते. फळी ठेवली की तोच भार हातभर जागेवर पसरतो. भातलावणीत चिखलात फळी टाकून चालतो, तीच युक्ती.

फळीच्या जागी चिरा ठेवू नका. आपल्याकडे चिरा कुठेही पडलेला मिळतो, म्हणून मोह होतो. पण जांभा दगड ठिसूळ. भिंतीत चारी बाजूंनी भार आला तर तो शंभर वर्षे टिकतो. मध्येच एका टोकावर भार आला की खपली निघते किंवा दोन तुकडे होतात. कौल, वीट, नारळाची करवंटी यांचे तर नावच नको.

जॅक गाडीच्या खाली कुठे लावायचा? हवा तिथे नाही. दारांच्या खाली गाडीच्या पोटाला लांब पत्र्याची कड असते. पुढच्या चाकाच्या थोडे मागे आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे त्या कडेला दोन खाचा असतात. बोटाने चाचपून पाहा, अंधारातही सापडतात. त्या दोन खाचांच्या मधोमध जॅकचे डोके बसले पाहिजे. तिथला पत्रा दुहेरी आणि मजबूत असतो. इतर ठिकाणी लावला, तर पत्रा आत जातो.

भाच्याने फळी ठेवली, जॅक बसवला आणि दांडा फिरवू लागला. गाडी थोडी उचलली. मामाने स्टेपनी घेतली आणि जॅकशेजारी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवली. आता जॅक सरकलाच, तर गाडी जमिनीवर न येता त्या चाकावर टेकेल. ही युक्ती ट्रकवाल्यांची. तिला एक पैसा लागत नाही. तरी शंभरातले दहा लोकही ती करताना मला दिसत नाहीत.

"पाय थंय घालू नको!" मामा ओरडला. भाचा नट उचलायला वाकला होता आणि त्याचा पाय गाडीखाली गेला होता. गाडी जॅकवर असताना हात, पाय, डोके, काहीही तिच्याखाली जाता कामा नये. नट घरंगळत आत गेला, तर काठीने ओढा. काठी नसेल तर आधी गाडी खाली उतरवा. जॅक गाडी उचलायला असतो. धरून ठेवायला नसतो.

टायर जमिनीपासून दोन बोटे सुटला की पुरे. पण स्टेपनी हवेने फुगलेली असते. तिला जागा जास्त लागते. म्हणून आणखी दोन बोटे उचला. मग नट काढा आणि फडक्यावर ठेवा. मातीत नको. चाक दोन्ही हातांनी सरळ आपल्याकडे ओढा. खाली बसूनच ओढा. निघत नसेल, तर ते गंजाने चिकटले आहे. बाहेरून टायरवर तळहाताने इकडून तिकडून थोपटा. हिसडा देऊ नका.

आता पोटाखालची स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या जागी बसलेले चाक सरकवा. राखण चालूच राहिली पाहिजे. स्टेपनी उचलताना पायाच्या बोटांचा टेकू द्या, म्हणजे भोके सहज जुळतात. नट हातानेच लावा. नटाची एक बाजू निमुळती असते. निमुळती बाजू चाकाकडे. उलटा लावला तर नट घट्ट वाटतो आणि वाटेत सैल होतो. काही गाड्यांत नटाच्या जागी बोल्ट असतात, रीत तीच. हाताने जेवढे फिरतील तेवढे फिरवा. मग पान्याने हलकेच आवळा. एका ओळीने नाही. एक आवळला की त्याच्या समोरचा. म्हणजे चाक तिरके बसत नाही. पापडाच्या पिठाच्या डब्याचे झाकण एकाच बाजूने दाबले तर दुसरी बाजू उचलते ना, तसेच हे.

पोटाखालचे चाक काढून घ्या. जॅक उलटा फिरवून गाडी खाली उतरवा. आता चाक पुन्हा जमिनीने धरले. आता सगळा जोर लावून नट आवळा. पुन्हा समोरासमोर. दांडा उजवीकडे, दाब खाली. दोनदा आवळा. पण पान्यावर उभे राहून उड्या मारू नका, आटे जातात.

भाच्याला या सगळ्याला पस्तीस मिनिटे लागली. मामाला एकट्याला दहा पुरली असती. पण मामा मुद्दामच हात बांधून उभा राहिला. दगड काढले, फळी धुतली, घरच्यांचा निरोप घेतला. साडेसातला ती तिघे दवाखान्यात होती.

मामा नसेल, त्यांनी काय करावे? एखाद्या रविवारी आपल्या खळ्यात गाडी उभी करावी आणि चांगले चाक काढून परत लावावे. कोणी हसले तर हसू द्यावे. नवरा-बायको दोघांनीही करावे. गाडी एकच चालवतो आणि चाक बसते तेव्हा तोच आजारी असतो, असेही घडते.

टायर ट्यूबलेस असेल, तर कधी कधी चाक बदलायची गरजच पडत नाही. खिळा आत असतो, पण हवा हळूहळू जाते. अशा वेळी खिळा उपटू नका. उपटला की हवा भस्सकन जाते. पायाने मारायचा पंप जवळ असला, तर हवा भरा आणि हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जा. मात्र चाक पूर्ण बसल्यावर तसेच लांबवर चालवले असेल, तर टायर आतून कापला गेलेला असतो. बाहेरून तो दिसत नाही. पंक्चरवाल्याला टायर उतरवून आतून बघायला सांगा.

स्टेपनीवर वेगाचा आकडा लिहिला आहे का, ते पाहा. काही गाड्यांची स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असते आणि तिच्यावर ८० असा आकडा असतो. ताशी ८० किलोमीटरच्या वर ती चालवायची नाही. शक्य तेवढी हळूच चालवावी, आणि पंक्चर काढलेले चाक लवकर परत लावावे. पंक्चर त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी काढून घ्या. एक टायर बसला म्हणून दुसरा बसायचा थांबत नाही, आणि तेव्हा डिकीत काही नसते.

पन्नास-साठ किलोमीटर गाडी चालली की नट एकदा पुन्हा आवळून बघा. नवे बसवलेले चाक चालता चालता आपली जागा घेते आणि नट किंचित सैल पडतो. जॅकच्या आट्यांना मात्र ग्रीस लावा, नाही तर खारा वारा त्यालाही खातो. फळी उन्हात वाळवून मगच डिकीत टाका. ओली टाकली तर खालचा पत्रा सडतो.